स्वतःकडेच बोट दाखवणारं टेबल: जँगोमध्ये पेरेंट-चाइल्ड नातं कसं मांडावं?

सह्यवाट (धागालेखक)

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून महाराष्ट्राच्या महसुली रचनेचं टेबल करायचं आहे. राज्य, मग 6 विभाग, 36 जिल्हे, साडेतीनशेच्या वर तालुके आणि चाळीस हजारांहून जास्त गावं. पुढे इतर सगळी आकडेवारी या टेबलाला जोडली जाणार, म्हणून पाया पक्का हवा. मॉडेलचं नाव 'प्रदेश'. त्यात नाव, पातळी आणि ही ओळ:

पेरेंट = फॉरेनकी('सेल्फ', नल=ट्रू, ब्लँक=ट्रू, ऑन_डिलीट=कॅस्केड, रिलेटेड_नेम='चिल्ड्रन')

(कोड इथे वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत लिहिलाय, फाईलमध्ये तो रोमनमध्येच असणार. फॉरेन की म्हणजे दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम, 'सेल्फ' म्हणजे ती ओळही याच टेबलातली, नल म्हणजे रिकामं, आणि कॅस्केड म्हणजे पेरेंट उडवला की मुलंही उडणार.)

प्रश्न तीन. एकच टेबल ठेवावं की पातळीनिहाय पाच? 'ठाणे जिल्ह्याखालचं सगळं' एका क्वेरीत कसं आणायचं? आणि डिलीटचं काय करावं?

---

तळटीप

डिलीटपासून सुरुवात करतो, कारण कॅस्केड आधी काढायला हवं. राज्याची एक ओळ उडवली की खालचं सगळं साफ होईल, आणि तुम्ही म्हणता तशी आकडेवारी या टेबलाला कॅस्केडनेच जोडलेली असेल तर तीही जाईल.

जँगोचं कॅस्केड डेटाबेसमध्ये नसतं, पायथनमध्ये चालतं. मायग्रेशनने (टेबलाची रचना बदलणाऱ्या फाईलने) तयार होणाऱ्या फॉरेन कीला 'ऑन डिलीट कॅस्केड' लागलेलं नसतं. त्यामुळे ॲपमधून डिलीट केलं तर सगळं उडतं आणि तीच ओळ थेट एसक्यूएलने उडवायला गेलं तर एरर येते. टीममधले दोघं दोन वाटांनी काम करत असले की गोंधळ ठरलेला.

सेट_नल तर या रचनेत त्याहून वाईट. जिल्हा उडवला की त्याचे तालुके गुपचूप पेरेंटविना राहतात, म्हणजे राज्याच्या बरोबरीने 'मूळ' होऊन बसतात. एरर नाही, लॉग नाही, फक्त बेरजा चुकू लागतात.

प्रोटेक्ट लावा, मुलं असलेली ओळ ते उडवू देत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पेरेंट आणि त्याची मुलं एकाच क्वेरीसेटमध्ये घेऊन डिलीट केलं तरी प्रोटेक्ट अडवतं, कारण मुलंही त्याच यादीत आहेत हे ते बघत नाही. आख्खी फांदी काढायची तर पानांकडून वर यावं लागतं: आधी गावं, मग तालुके, मग जिल्हा.

---

पानगळ

मुळात सेल्फ फॉरेन की कशाला? पातळ्या पाच, त्या ठरलेल्या, उद्या सहावी येणार नाही. पाच टेबलं करा. तालुक्याला जिल्हा नॉट नल (रिकामा चालणार नाही), गावाला तालुका नॉट नल. चुकीचं नातं जोडताच येणार नाही. क्वेरी साध्या जॉइनची, 'तालुका__जिल्हा__विभाग' लिहिलं की झालं. झाडाची खोली आधी माहीत नसेल तेव्हाच सेल्फ फॉरेन की वापरावी: प्रतिक्रियेखालच्या प्रतिक्रिया, दुकानाच्या कॅटलॉगमधले प्रकार-उपप्रकार, हिशेबातली खात्यांची मांडणी.

---

कोडवाचक

पानगळ, तत्त्व मान्य, पण हे उदाहरण त्यात बसत नाही. पातळ्या दिसतात तितक्या सरळ नाहीत. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत, उपनगरात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन आहेत. नॉट नल ठेवायचं तर मुंबई शहरासाठी खोटा तालुका निर्माण करावा लागेल, आणि मग तालुक्यांची संख्या मोजताना तो दर वेळी वगळावा लागेल.

शिवाय आकडेवारी कोणत्याही पातळीला जोडली जाणार असेल (पाऊस तालुक्याचा, बजेट जिल्ह्याचं, लोकसंख्या गावाची) तर पाच टेबलांना पाच फॉरेन की किंवा जेनेरिक रिलेशन (कोणत्याही टेबलाकडे बोट दाखवू शकणारं नातं) लागेल. जेनेरिक रिलेशनला डेटाबेसचं कोणतंच संरक्षण नसतं. त्यापेक्षा एक टेबल बरं.

---

अनुक्रमणिका

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पोस्टग्रेसमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी 8.4 पासून म्हणजे 2009 पासून आहे. एसक्यूलाइटमध्ये 3.8.3 ला आली, मायएसक्यूएलमध्ये थेट 8.0 ला. आज तरी ती न वापरण्याचं कारण कुणाकडे नसावं.

विथ रिकर्सिव्ह झाड ॲज (
सिलेक्ट आयडी, पेरेंट_आयडी, नाव, 0 ॲज खोली फ्रॉम प्रदेश व्हेअर आयडी = %एस
युनियन ऑल
सिलेक्ट प.आयडी, प.पेरेंट_आयडी, प.नाव, झाड.खोली + 1 फ्रॉम प्रदेश प जॉइन झाड ऑन प.पेरेंट_आयडी = झाड.आयडी
) सिलेक्ट * फ्रॉम झाड

पहिला सिलेक्ट सुरुवातीची ओळ देतो, दुसरा प्रत्येक फेरीत एक पातळी खाली उतरतो, नवीन ओळी मिळेनाशा झाल्या की थांबतो. जँगोच्या ओआरएममध्ये (पायथनमधून क्वेरी लिहायची सोय) हे थेट लिहिता येत नाही. रॉ म्हणजे हाताने लिहिलेलं एसक्यूएल वापरा (प्रायमरी की सिलेक्टमध्ये असायलाच हवी, आणि आयडी पॅरामीटर म्हणूनच द्या, स्ट्रिंगमध्ये चिकटवू नका) किंवा जँगो-ट्री-क्वेरीज हे पॅकेज घ्या, ते आतून हेच करतं.

पेरेंट_आयडीवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) हवा. जँगो फॉरेन कीला तो स्वतःहून लावतं, रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कचं ॲड_रेफरन्सही. पोस्टग्रेस मात्र आपणहून लावत नाही. त्यामुळे पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कच्या मायग्रेशनमध्ये पोस्टग्रेस असेल तर इंडेक्सची ओळ वेगळी लिहावी लागते. मायएसक्यूएलचं इनोडीबी तो स्वतः तयार करतं, म्हणून तिथून आलेल्यांच्या हे लक्षात राहत नाही.

---

रात्रपाळी

यात वर्तुळ झालं तर? अ चा पेरेंट ब आणि ब चा पेरेंट अ असं कुणी जोडलं की युनियन ऑल कधीच थांबणार नाही.

---

अनुक्रमणिका

बरोबर. मायएसक्यूएल 1000 फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबवतं, एसक्यूएल सर्व्हर 100 नंतर. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही, ते चालतच राहतं. नुसतं युनियन लिहिलं तर पुन्हा आलेल्या ओळी गाळल्या जातात आणि क्वेरी थांबते, पण वर 'खोली' हा कॉलम आहे ना, तो दर फेरीला बदलतो, म्हणून प्रत्येक ओळ नवीनच ठरते. खोली काढा किंवा पोस्टग्रेस 14 पासून आलेलं 'सायकल' कलम जोडा. पण हे सगळे उपाय वाचतानाचे. वर्तुळ मुळात शिरूच नये.

---

तळटीप

त्यासाठी बरेच जण क्लीन मेथडमध्ये वरपर्यंत चालत जाऊन तपासतात. ठीक आहे, पण सेव्ह केल्यावर क्लीन आपोआप चालत नाही. मॉडेलफॉर्म आणि ॲडमिन ते बोलावतात. अपडेट आणि बल्क_क्रिएट तर सेव्हलाही बगल देतात.

आणि तपासणी चालली तरी दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी आल्या तर? एक अ ला ब खाली हलवते, दुसरी ब ला अ खाली. दोघींनाही आपापल्या जागी सगळं ठीक दिसतं, दोन्ही कमिट होतात, वर्तुळ तयार. हलवण्याआधी राज्याच्या ओळीवर सिलेक्ट_फॉर_अपडेट लावून कुलूप घ्यावं, म्हणजे झाडात एका वेळी एकच हलवाहलव होईल.

'स्वतःच स्वतःचा पेरेंट' एवढं तरी चेक कन्स्ट्रेंटने (डेटाबेस स्वतः पाळतो अशा अटीने) अडवाच. पोस्टग्रेसमध्ये चालतं. मायएसक्यूएलमध्ये चेकमध्ये ऑटो इन्क्रिमेंट कॉलम वापरता येत नाही, तिथे ट्रिगर लागेल.

---

मोरपंखी

वाखूसा (वाचनखूण साठवली). रेल्सवाल्यांसाठी भर घालते. बिलॉन्ग्स_टू :पेरेंट, क्लास_नेम: 'प्रदेश', ऑप्शनल: ट्रू. रेल्स 5 पासून बिलॉन्ग्स_टू सक्तीचं आहे, त्यामुळे ऑप्शनल विसरलं तर मुळाची ओळ व्हॅलिडेशनलाच अडकते. हॅज_मेनी :चिल्ड्रनला क्लास_नेमबरोबर फॉरेन_की: 'पेरेंट_आयडी' द्यावंच लागतं, नाहीतर रेल्स मॉडेलच्या नावावरून 'प्रदेश_आयडी' नावाचा कॉलम शोधत बसतं. मायग्रेशनमध्ये फॉरेन_की: ट्रू लिहू नका. त्याने 'पेरेंट्स' नावाच्या टेबलाकडे रेफरन्स जातो. टू_टेबल सांगा.

---

रात्रपाळी

एसक्यूएलअल्केमीत (पायथनचं दुसरं ओआरएम) पेरेंट मागितलं की लिस्ट मिळते. का?

---

मोरपंखी

रिमोट_साइड दिलेलं नसणार. टेबल दोन्ही बाजूंना एकच, त्यामुळे कुठली बाजू 'एक' आणि कुठली 'अनेक' हे त्याला कळत नाही आणि ते एकाकडून अनेकांकडे असं गृहीत धरतं. पेरेंटच्या रिलेशनशिपला रिमोट_साइड म्हणून आयडी कॉलम द्या, एकच ऑब्जेक्ट मिळेल.

---

पानगळ

रिकर्सिव्ह क्वेरी दर वेळी चालवण्यापेक्षा नेस्टेड सेट का नको? डावा आणि उजवा आकडा ठेवला की आख्खी फांदी एका बिटवीनमध्ये येते.

---

कोडवाचक

वाचायला झकास, लिहायला जड. एक गाव मध्ये घातलं की त्याच्या उजवीकडच्या सगळ्या ओळींचे आकडे सरकतात. जँगो-एमपीटीटी हे नेस्टेड सेटचं पॅकेज प्रत्येक मुळाला वेगळा ट्री_आयडी देतं, पण इथे मूळ एकच, महाराष्ट्र. म्हणजे कोकणात एक ओळ वाढली की हजारो ओळींचं अपडेट. शिवाय एमपीटीटी आता सांभाळलं जात नाही, त्याच्या मूळ पानावरच तसं लिहिलंय. नव्या कामाला घेऊ नका.

पाथ (मुळापासूनची पूर्ण वाट) प्रत्येक ओळीत साठवायचा तर ट्रीबीर्ड हे पॅकेज आहे, वॅगटेल या सीएमएसची पानं त्याच्यावरच उभी आहेत. दर पातळीला 4 अक्षरं, पाथची लांबी 255, म्हणजे 63 पातळ्या. 36 चिन्हांची 4 अक्षरं म्हणजे एका पेरेंटखाली 16,79,615 मुलं. आपल्याला भरपूर. पण नोड तयार करताना क्रिएट नव्हे, ॲड_चाइल्ड वापरायचं. बल्क_क्रिएटने ओळी घातल्या तर पाथ आणि मुलांची संख्या बिघडते, मग फाइंड_प्रॉब्लेम्स आणि फिक्स_ट्री चालवत बसा.

क्लोजर टेबलही चालेल. प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची एक ओळ. गावाला स्वतःसकट पाच पूर्वज, म्हणजे चाळीस हजार गावांच्या दोन लाख ओळी. डेटाबेसला ही संख्या काहीच नाही.

माझं मत विचाराल तर साधा पेरेंट कॉलमच ठेवा. याचं खरं उदाहरण पालघर. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे झाले. पेरेंट कॉलममध्ये हे काम म्हणजे एक नवीन ओळ आणि आठ ओळींचं अपडेट. खालच्या गावांना हातही लावायचा नाही. पाथ असेल तर त्या आठ तालुक्यांतल्या प्रत्येक गावाचा पाथ बदलतो.

---

गावकामगार

पालघरवरूनच पुढे. पेरेंट कॉलम फक्त 'आज' सांगतो. 2011 च्या जनगणनेत वसई ठाण्यात होती. आजच्या झाडाने 2011 च्या ठाण्याची बेरीज केली तर ती छापील आकड्याशी जुळणार नाही, आणि चूक कुठे आहे ते शोधून सापडणार नाही, कारण डेटा बरोबरच असतो.

इतिहास हवा असेल तर नातं वेगळ्या टेबलात काढा: चाइल्ड, पेरेंट, आणि डेटरेंज प्रकारचा कालावधी. एका चाइल्डचे दोन कालावधी एकमेकांवर येऊ नयेत म्हणून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा. जँगो 3.0 पासून तो आहे, बीट्री_जिस्ट एक्स्टेन्शन आधी सुरू करावं लागतं. कालावधीची सुरुवात धरायची, शेवट सोडायचा: ठाण्याची ओळ 2014-08-01 ला संपते, पालघरची त्याच तारखेला सुरू होते, आणि तो दिवस फक्त पालघरचा.

दुसरा मुद्दा याहून मोठा. गावाला पेरेंट एकच असतो का? महसुली बाजूने गाव तलाठी सजात, सजा मंडळात, मंडळ तालुक्यात. पंचायतीच्या बाजूने गाव ग्रामपंचायतीत, ती पंचायत समितीखाली, ती जिल्हा परिषदेखाली. गट ग्रामपंचायतीत अनेक गावं एका पंचायतीखाली येतात. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही, म्हणून त्या 34. ही दोन वेगळी झाडं आहेत, पानं तेवढी सामाईक. एका पेरेंट कॉलममध्ये दोन्ही कोंबायला गेलात तर दोन्ही बिघडतील. नात्याच्या टेबलात 'रचना' असा कॉलम घाला, महसुली किंवा पंचायत, आणि वरचा एक्सक्लूजन चाइल्ड अधिक रचना यावर लावा.

---

रात्रपाळी

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा!

---

मोरपंखी

दोन पेरेंटचा विषय निघालाच आहे तर: वंशावळीत आई आणि वडील अशा दोन सेल्फ फॉरेन की असतात. दोन्हींना वेगळं रिलेटेड_नेम दिलं नाही तर जँगो क्लॅशची एरर देऊन सुरूच होत नाही. आणि मेनीटूमेनी('सेल्फ') घेतलंत तर ते आपोआप सिमेट्रिकल धरलं जातं, म्हणजे अ चा भाग ब असं लिहिलं की ब चा भाग अ हेही लिहिलं जातं. मैत्रीला ठीक, यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीला घातक. तिथे सिमेट्रिकल=फॉल्स.

---

पाटीपेन्सिल

अवांतर: एकाच पेरेंटखालची नावं कशी लावता? कोडपॉइंटच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल नंतर लगेच येतो आणि क्ष क मध्ये जातो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. पोस्टग्रेस आयसीयूसह (भाषांचे नियम असलेली लायब्ररी) असेल तर 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन (क्रम लावायचा नियम) हा क्रम देतं. जँगो 3.2 पासून फील्डला डीबी_कोलेशन देता येतं.

---

तळटीप

अवांतर नाही, उपयोगाचं आहे. नावांवरून आणखी एक. 'एका पेरेंटखाली एकच नाव' म्हणून युनिक(पेरेंट, नाव) लावलं तरी मुळाच्या पातळीवर ते काम करत नाही, कारण पेरेंट नल आणि दोन नल एकमेकांसारखे धरले जात नाहीत. 'महाराष्ट्र' दोनदा घालता येईल. उपाय: पेरेंट नल असताना नाव युनिक, असा कंडिशनवाला दुसरा कन्स्ट्रेंट. पोस्टग्रेस 15 आणि जँगो 5.0 असेल तर नल्स_डिस्टिंक्ट=फॉल्स. कंडिशनवाला युनिक मायएसक्यूएलवर तयारच होत नाही, जँगो फक्त सूचना देऊन पुढे जातं.

आणि ओळख नावावर किंवा स्लगवर (यूआरएलमधल्या नावावर) ठेवूच नका. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं बदलली, जिल्हे तेच राहिले. पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला एलजीडी कोड वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

---

सह्यवाट

खूपच मोलाचं मिळालं. रचना दोन झाडांची करतो. ॲडमिनमध्ये मात्र गावांची यादी उघडायला खूप वेळ लागतोय, आणि फॉर्म त्याहून. डेटा तर फार नाही.

---

अनुक्रमणिका

__एसटीआर__ (ओळ कोणत्या नावाने दिसावी ते ठरवणारी मेथड) मध्ये पूर्ण पत्ता दाखवताय का, 'महाराष्ट्र > कोकण > पालघर > वसई > ...'? मग यादीतल्या प्रत्येक ओळीला वर चढण्यासाठी चार-चार क्वेरी लागतात. 100 ओळींचं पान म्हणजे 400 क्वेरी. __एसटीआर__ मध्ये फक्त नाव ठेवा, यादीला लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेड द्या. सिलेक्ट_रिलेटेडला 'पेरेंट__पेरेंट' असं स्पष्ट सांगा. नुसते रिकामे कंस दिले तर नल चालणाऱ्या फॉरेन कीच्या मागे ते जातच नाही.

फॉर्मचं कारण ड्रॉपडाऊन. प्रत्येक फॉर्ममध्ये चाळीस हजार पर्याय एचटीएमएलमध्ये उतरतात. ऑटोकम्प्लीट_फील्ड्स लावा, त्यासाठी सर्च_फील्ड्स द्यावं लागतं.

एपीआयमधून झाड द्यायचं असेल तर सिरियलायझर स्वतःलाच बोलावतो असं लिहू नका, प्रत्येक नोडला क्वेरी पडते. आयडी, पेरेंट_आयडी, नाव एवढंच एका व्हॅल्यूजमध्ये आणा, पेरेंट_आयडीची डिक्शनरी करा आणि मेमरीत एका फेरीत झाड बांधा. कोडमध्ये पेरेंट.आयडी नाही, पेरेंट_आयडी लिहा. पहिलं पेरेंटची ओळ आणायला डेटाबेसकडे जातं, दुसरं हातातच असतं.

---

कोडवाचक

वर्तुळाच्या प्रश्नावर माझ्या मते सगळ्यात भक्कम उत्तर अजून आलं नाही. पानगळ म्हणाले ती 'चुकीचं नातं जोडताच येऊ नये' ही हमी एका टेबलातही मिळते.

पातळी आकड्यात ठेवा: राज्य 1, विभाग 2, जिल्हा 3, तालुका 4, गाव 5. ओळीत पेरेंट_पातळी असा आणखी एक कॉलम घ्या. (आयडी, पातळी) वर युनिक. मग (पेरेंट_आयडी, पेरेंट_पातळी) ही जोडी फॉरेन की म्हणून (आयडी, पातळी) कडे. आणि चेक: पेरेंट_पातळी < पातळी. आता पेरेंट नेहमी वरच्याच पातळीचा असणार, त्यामुळे वर्तुळ शक्यच नाही. तळटीप यांनी सांगितलेल्या दोन समांतर ट्रान्झॅक्शनमध्येही नाही, कारण निदान एक हलवणं चेकमध्ये अडकणारच. कुलूप नको, ट्रिगर नको. आणि बरोबर एकने कमी अशी अट घातलेली नाही, म्हणून तालुका नसलेलं मुंबई शहरही नीट बसतं.

दोघांपैकी एकच नल असेल तर पोस्टग्रेस ती जोडी तपासतच नाही, म्हणून 'दोन्ही नल किंवा दोन्ही भरलेले' असा दुसरा चेक हवा. नात्याचं टेबल वेगळं काढलं तर तिथे चाइल्ड_पातळीही ठेवा, तिलाही तशीच जोडीची फॉरेन की द्या आणि तुलना त्या दोघींची करा.

---

पानगळ

हे पटलं. पाच टेबलांचा आग्रह सोडतो. जँगोमध्ये दोन कॉलमची फॉरेन की कशी लिहायची?

---

कोडवाचक

मॉडेलमध्ये नाही, मायग्रेशनमध्ये रनएसक्यूएलने. मॉडेलमधली साधी पेरेंट फॉरेन की तशीच ठेवा, ओआरएमला ती लागते. क्रम असा: पेरेंट_पातळी नल चालेल असा जोडा, एका अपडेटने भरा, युनिक लावा, मग फॉरेन की 'नॉट व्हॅलिड' (जुन्या ओळी न तपासता) म्हणून जोडा आणि पुढच्या वेगळ्या मायग्रेशनमध्ये व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट चालवा. फॉरेन कीला 'ऑन अपडेट कॅस्केड' द्या, म्हणजे एखाद्या ओळीची पातळी सुधारली तर मुलांची पेरेंट_पातळी आपोआप बदलेल.

'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' लिहायला विसरू नका. जँगो पोस्टग्रेसवर स्वतःच्या फॉरेन की तशाच बनवतं, म्हणून एका ट्रान्झॅक्शनमध्ये गाव आधी आणि तालुका नंतर आला तरी कमिटपर्यंत ते थांबतं. तुमची हाताने लिहिलेली की तशी नसेल, तर चाळीस हजार गावांची फाईल लोड करताना पहिल्याच उलट्या क्रमाच्या ओळीवर ती अडेल.